उन्हातली भुतं: भर दुपारी बघता येतील असे भयपट सांगा

रातपाळी
मंडळी, प्रश्न जरा वेडगळ वाटेल, पण अडचण खरी आहे.

मी साखर कारखान्यात लॅबला आहे. गाळप सुरू झालं की पाळ्या फिरत्या, आणि सध्या माझी रात्री आठ ते पहाटे चार. पाचला घरी, आंघोळ करून झोप, अकराला उठतो. बायको शाळेवर गेलेली असते, पोरगी कॉलेजला, आई सोप्यात शेंगा फोडत बसलेली. म्हणजे बारा ते तीन हे माझे सिनेमाचे तास. आणि मला आवडतात भयपट. घोळ तिथंच आहे.

परवा 'तुंबाड' तिसऱ्यांदा लावला. २०१८ला थेटरात बघितला तेव्हा आम्ही मोजून चौदा जण होतो. सप्टेंबर २०२४ला तोच पुन्हा लागला तेव्हा पोरीला दाखवायला नेला, तर तिकिटासाठी दोन दिवस थांबावं लागलं. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त धंदा, असं किती सिनेमांच्या नशिबी येतं? ते असो. आता घरी, दुपारी साडेबाराला. आमच्या हॉलची मोठी खिडकी दक्षिणेला आहे, थंडीच्या दिवसांत ऊन पार आतपर्यंत येतं. त्यातला विनायक खाली उतरला, पिठाचं रिंगण आखलं, कणकेची बाहुली काढली, आणि मला टीव्हीवर काय दिसावं? माझाच बनियन. माझ्यामागं खिडकी, खिडकीबाहेर दोरी, दोरीवर आईचं लुगडं. हस्तर, म्हणजे त्यातला राक्षस, आला हे मला नुसत्या आवाजावरून कळलं. तेवढ्यात लुगडं हललं, तेव्हा मात्र दचकलो.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. अंधारात काय, कुणीही घाबरवेल. आमचा बोकासुद्धा घाबरवतो. लख्ख उन्हात, सगळं दिसत असताना घाबरवून दाखवा, मग मानू.

माझ्याकडं असे दोनच आहेत. पहिला 'लपाछपी'. विशाल फुरियाचा, २०१७ला लागला होता, पूजा सावंत आणि उषा नाईक. पुढं त्यानंच हिंदीत 'छोरी' केला, पण मला मराठीच जवळचा वाटतो, आणि कारण सिनेमाच्या बाहेरचं आहे. कारण आहे ऊस. पहिल्यांदा बघताना, धंद्याची खोड, मनात आलं की हा तोडीला आलेला दिसतोय. मग हळूहळू हसू गेलं. ज्यांनी ऊस फक्त रसवंतीवर बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. ८६०३२ जातीच्या उभ्या उसात भर दुपारी शिरलात तर चार सऱ्यांच्या पुढचं दिसत नाही. वारा वर, शेंड्याला. खाली हवा कोंडलेली, ओलसर, गोडूस वासाची. पाचट वाजतं, पण कोण वाजवतंय ते कळत नाही. उंदीर असेल, मुंगूस असेल, रानडुक्कर असेल. जुन्नरकडं तर बिबट्या उसातच वितात, तोडणाऱ्यांच्या कोयत्यासमोर बछडे सापडतात. आमच्याकडंही आता शिराळ्याच्या बाजूनं ऐकू येतंय. पात हाताला कापते, घाम लागला की चरचरते. आणि हे सगळं भर उन्हात, डोक्यावर निळं आभाळ. वाट चुकलात तर सगळ्या सऱ्या सारख्याच. त्या बाईला सिनेमात तेच होतं. पोटुशी बाई, उसाच्या मधोमध घर, आणि उसात पोरं लपाछपी खेळतायत. त्यात रात्रीचे प्रसंगही आहेत, पण मला आठवतात ते दुपारचे. (शेवटी सिनेमा समजावून सांगायला लागतो तिथं माझी भीती उतरते. विषय मोलाचा आहे, पण भुतानं भाषण करू नये.)

दुसरा 'मिडसोमर', अ‍ॅरी अ‍ॅस्टरचा, २०१९चा. सुरुवातीची काही मिनिटं अंधार, बर्फ, एका घरातला भयंकर प्रकार. त्यानंतर जे ऊन पडतं ते मावळतच नाही. स्वीडनमधला उन्हाळ्याचा सण, पांढरे कपडे, फुलांचे मुकुट, हिरवं गवत, आणि कुणालाच कळत नाही की किती वाजले. बाकीच्यांना त्यातला कडा आठवतो, मला तो एवढासा संवाद आठवतो ज्यात एकजण म्हणतो की रात्रीचे नऊ वाजलेत, आणि आकाश दुपारसारखं. रातपाळी करणाऱ्याला विचारा ते काय असतं. तिसऱ्या आठवड्यात अंगाला दिवस-रात्र कळेनाशी होते, दारात उन्ह असतं आणि पोटात मध्यरात्र.

तर सांगा. निम्म्याहून जास्त सिनेमा उजेडात हवा. भाषा कुठलीही, सबटायटल असली की झालं. अचानक किंकाळ्या मारणारे नकोत, आई शेंगा टाकून धावत येते. आणि उघडेनागडे प्रसंग शक्यतो नकोत, कारण आई चहा घेऊनही येते.

सई_पु
आधी फुकटचा सल्ला: खिडकीला काळ्या अस्तराचे जाड पडदे लावा.

आता सिनेमा. हिचकॉकचा 'द बर्ड्स' (१९६३). शाळेबाहेरचा प्रसंग आठवा. बाई बाकावर बसून सिगरेट ओढतेय, आत मुलं गाणं म्हणतायत, मागे खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. मग चार. मग ती वळून बघते तेव्हा सगळा सांगाडा काळा. सकाळची शाळा, स्वच्छ हवा. सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही, नुसते पक्ष्यांचे आवाज, तेही यंत्रावर तयार केलेले. आमच्या सोसायटीत बाराशे कबुतरं आहेत (अतिशयोक्ती नाही, नवऱ्यानं कंटाळून मोजायला घेतली होती), त्यामुळे मी हा सिनेमा बाल्कनीचं दार लावून बघते.

दुसरा, 'द विकर मॅन', १९७३चाच बघा, नंतरचा नको. स्कॉटलंडजवळचं बेट, हरवलेली मुलगी शोधायला आलेला पोलीस, आणि अतिशय हसतमुख गावकरी. ख्रिस्तोफर ली त्यात गावचा मालक आहे, त्यानं हे काम पैसे न घेता केलं. गोष्ट मे महिन्यातली, पण चित्रीकरण झालं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कडाक्याच्या थंडीत, म्हणून झाडांना खोटा मोहोर चिकटवला. हे कळल्यावर परत बघितला आणि तो मोहोरच मला सगळ्यात भीतिदायक वाटायला लागला.

उघडेनागडे प्रसंग आहेत. गाणंही आहे त्यावर. आईंना त्या वेळी मारुतीला पाठवा.

कुडाळचो
रातपाळीराव, तुमचा प्रश्न उलटा आहे. भुतं रात्रीची असतात हे शहरातल्या लोकांनी ठरवलं. आमच्याकडे दोन वेळा वाईट: तिन्हीसांज आणि भर दुपार. मे महिन्यात आम्ही पोरं आंब्याखाली हुंदडत असायचो, पण बारा वाजले की आजी परसदारी येऊन ओरडायची, "रे, बारा वाजले मरे, घराक येवा!" पिंपळाखालून जायचं नाही, विहिरीत डोकावायचं नाही, नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुपारी जेवून गाव झोपला की जी शांतता असते ना, पानसुद्धा हलत नाही, कोंबडी पंख पसरून मातीत पडलेली, ती रात्री नसते. रात्री निदान रातकिडे असतात.

हे कुठल्याच सिनेमावाल्यानं नीट पकडलेलं नाही ही माझी तक्रार. 'मुंज्या' (२०२४) मोठ्या आशेनं बघायला गेलो. आदित्य सरपोतदारनं याआधी डोंबिवलीत झोंबी आणले होते, 'झोंबिवली'त, तो प्रकार मला जाम आवडला होता. मुंज्या म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंजीआधीच गेलेला पोर, पिंपळावर बसतो, लग्नासाठी हट्ट धरतो. आमच्या आजीनं सांगितलेला मुंज्या कधी दिसला नाही. तो फक्त खडे मारायचा आणि भरल्या ताटातलं काहीतरी गायब करायचा. सिनेमातला संगणकावरचा मुंज्या इतका दिसतो, इतका दिसतो, की अर्ध्या तासात तो घरचाच वाटायला लागतो. माझ्या पुतण्याला तो गोड वाटला! सुरुवातीचा जुन्या काळातला भाग आणि सुहास जोशींची आजी मात्र फर्स्टक्लास.

त्यापेक्षा 'हा खेळ सावल्यांचा' बघा, १९७६चा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर. लोकांना त्यातलं 'गोमू संगतीनं' आठवतं आणि भीती विसरतात. बालपणी बघितला तेव्हा नरसूचं भूत आठवून मी दोन महिने एकटा परसाकडे गेलो नव्हतो. आता बघाल तर हसाल कदाचित, पण दिवसाच बघा.

डब्बलबॅटरी
विषय उजेडाचा आहे आणि कुणी अजून हिंदी भयपटवाल्या रामसे बंधूंचं नाव घेतलं नाही याचा निषेध.

हो, मला माहीत आहे, त्यांचे सगळे सिनेमे रात्रीचे, निळ्या-हिरव्या दिव्यांतले, धुरातले. पण मी ते बघितलेत उन्हात. पुसेगावच्या यात्रेत तंबूचे थेटर यायचे, ओळीनं चार-पाच, प्रत्येकाच्या दारात मोठं पोस्टर आणि कर्णा. खेळ सकाळी सुरू व्हायचे ते रात्रीपर्यंत. वडिलांची यात्रेत भांड्यांची पालं असायची, त्यामुळे मी दिवसभर मोकाट. दुपारच्या खेळाला 'पुराना मंदिर'. तंबूला भोकं. प्रत्येक भोकातून उन्हाची एकेक काठी आत उतरलेली, तिच्यात धूळ आणि बिडीचा धूर फिरतोय. त्यातला राक्षस सामरी पडद्यावर आला आणि नेमका एक उन्हाचा ठिपका त्याच्या कपाळावर, टिळा लावल्यासारखा. सिनेमा पुढं सरकला तसा सूर्यही सरकला, ठिपका कपाळावरून डोळ्यात आला. तो एक डोळा पेटलेला सामरी मी आजतागायत विसरलेलो नाही. रामसेंनी तसा काढलाच नव्हता. तो मी आणि पुसेगावच्या उन्हानं मिळून काढला.

माहिती म्हणून सांगतो. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीला शिकलेले इंजिनिअर, चेहऱ्याला फारसा मेकअप लागायचा नाही असं लोक म्हणायचे, बिचारे. आणि रामसे भुतांकडं वळले ते एका पडलेल्या सिनेमामुळं. १९७०ला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात. सिनेमा आपटला, पण तेवढ्या प्रसंगाला लोक थेटरात कावरेबावरे होतायत हे पोरांनी बघितलं. मग १९७२ला 'दो गज जमीन के नीचे'. सगळं कुटुंब आणि मोजकी माणसं घेऊन थेट महाबळेश्वर गाठलं आणि तिथल्या सरकारी विश्रामगृहात उतरून सिनेमा उरकला. आपल्या साताऱ्याच्या मातीतला माल आहे तो, लक्षात असू द्या.

तुमच्या टीव्हीवर बनियन दिसतो ना? दिसू द्या की. तोही सिनेमाचाच भाग धरा.

तर्कटराव
माफ करा, पण धाग्याचा पायाच कच्चा आहे. 'द बर्ड्स' हा थरारपट झाला. तसं असेल तर 'जॉज'ही भयपट, तोही बराचसा उन्हात समुद्रावर. भय म्हणजे न दिसणं. 'जॉज'मध्ये यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात बिघडायचा म्हणून तो तासाभरानंतर नीट दाखवला, आणि म्हणून तो सिनेमा चालला. म्हणजे पाण्यानं अंधाराचं काम केलं. तुमच्या 'लपाछपी'त उसानं अंधाराचंच काम केलं. उजेड कुठं आहे?

आणखी एक. 'टेक्सास चेनसॉ मॅसकर' (१९७४) उन्हातला म्हणून नावाजतात. त्यातला जेवणाच्या टेबलाचा प्रसंग ज्यानं बघितला तो विसरत नाही. तो दिवसा घेतला, खिडक्या काळ्या कापडानं बंद करून, रात्र म्हणून. आत उकाडा, दिवे, टेबलावरचं मांस सडलेलं, नट बाहेर जाऊन ओकत होते. दिग्दर्शक टोबी हूपरलाही ऐनवेळी रात्रच लागली!

रातपाळी
तर्कटराव, उसानं अंधाराचं काम केलं हे कबूल. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण 'टेक्सास'चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ती पोरगी खिडकीतून उडी मारून सुटते तेव्हा बाहेर सकाळ झालेली असते. आणि शेवटी तो मुखवटेवाला रस्त्यात उभा राहून उगवत्या सूर्यासमोर करवत गरागरा फिरवतो. काही लपलेलं नाही, सगळं समोर. माझ्या लेखी सिनेमा तिथं भितीदायक होतो. जेवणाच्या टेबलाशी किळस येते, ते वेगळं.

सईताई, 'विकर मॅन' काल बघितला. आईला मारुतीला पाठवायची वेळ आली नाही, ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, वाचलो. शेवटचा प्रसंग बघून बराच वेळ तसाच बसलो. त्यात गावकऱ्यांचं काही चुकतंय असं त्यांना स्वतःला वाटतच नाही. सगळे हात धरून, डुलत, सुरात गातायत, जणू भंडाऱ्याचं गावजेवण आहे. आमच्याकडं गावकीनं एकदा ठरवलं की मंदिराच्या वर्गणीपासून वाळीत टाकण्यापर्यंत सगळं कसं हसतखेळत होतं ते मी बघितलंय. यात भूत कुठंच नाही, पोलिसाचं ऐकणारा एकही माणूस नाही एवढंच.

पडद्यांचं म्हणाल तर बायकोनं ठाम नकार दिलाय. थंडीतलं ऊन घरात यायला पाहिजे म्हणे, पापड वाळतात.

यारातीरी
मिरजेचा, सध्या मेलबर्न. तुमच्यासाठी एकच सिनेमा आहे आणि तो अजून कुणी सांगितला नाही याचं आश्चर्य वाटलं: 'पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक', पीटर वेअर, १९७५. इथल्या एका मुलींच्या शाळेची सहल, १४ फेब्रुवारी १९००, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. पांढरे झगे, हातमोजे, केक कापलेला, केकवर मुंग्या. घड्याळं बारावर बंद पडलेली. तीन मुली आणि एक बाई त्या खडकांत वर चढत जातात आणि नाहीशा होतात. एक काही दिवसांनी सापडते, तिला काही आठवत नाही. बाकीच्यांचं काय झालं? सिनेमा सांगत नाही. रक्त नाही, किंकाळी जवळपास एकच, भूत नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावर नवरीच्या ओढणीचं जाळीदार कापड लावून घेतलेलं ते ऊन, आणि वर झांफीरची बासरी. लोकांना वाटतं घटना खरी आहे. नाही, जोन लिंडसे यांच्या १९६७च्या कादंबरीतली आहे. त्यांनी उलगडा करणारं एक शेवटचं प्रकरणही लिहिलं होतं, ते तेव्हा गाळलं आणि त्या गेल्यावर १९८७ला छापलं. ते वाचू नका. मी वाचलं आणि पस्तावलो.

खडक खराच आहे, आमच्याकडून गाडीनं तासाभराचा रस्ता. मागच्या डिसेंबरात आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन गेलो. बाबा खाली गाडीपाशी बसले, गुडघे. आई आणि मी वर. सिनेमा तिला सांगितला नव्हता, उगाच कशाला. वर मोठमोठे उभे दगड, मधून माणूस जेमतेम जाईल अशा गल्ल्या. मी फोटो काढायला थांबलो, वळलो तर आई नाही. हाक मारली तर माझाच आवाज दोन-तीन दगडांवरून परत. पाच मिनिटं झाली असतील जास्तीत जास्त, पण मी त्या पाच मिनिटांत मिरजेच्या मामाला फोनवर काय सांगायचं इथपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात वरून एक पोरगा जोरात ओरडला, "मिरांडाऽऽ!" त्या हरवलेल्या मुलीचं नाव. इथं येणारे सगळेच ओरडतात, गंमत म्हणून. आणि मागच्या फटीतून आई बाहेर आली, पदर खोचलेला, कपाळावर हात आडवा धरलेला, आणि काळजीनं विचारते, "कुणाची हरवली रे पोर?"

सिनेमा घरी येऊन दाखवला. तिनं बघितला पूर्ण आणि म्हणाली, शाळेनं एवढ्या उन्हात पोरींना न्यावंच का.

डब्बलबॅटरी
यारातीरी, तुमच्या आईंना दंडवत.

मूक_वाचक
'ओनिबाबा'. जपानी. १९६४. कानेतो शिंदो. ऊस आवडत असेल तर बघाच.

कुडाळचो
मूकराव तीन वर्षांत पहिल्यांदा बोलले, म्हणजे बघायलाच हवा.

रातपाळी
बघितले. दोन्ही. चार दिवस मध्ये गेले कारण कारखान्यात एक बॉयलर बंद पडला होता आणि झोपेचा पार विचका झाला होता.

'हँगिंग रॉक' शुक्रवारी. मला वाटलं होतं झोप लागेल, इतका सावकाश आहे. पण मुली वर चढायला लागल्या आणि मी सरळ होऊन बसलो. त्या बूट-मोजे काढतात, तिथं काहीतरी बिनसतं. का, ते सांगता येत नाही. तर्कटराव, यात सांगा बरं कशानं अंधाराचं काम केलं? दगडांनी म्हणाल. पण दगड तर दिसतायत, मुलीही दिसतायत, त्या पाठमोऱ्या चालत जातात, आपण त्यांना जाताना बघतो, आणि तरी. टीव्हीवर माझा बनियन या वेळीही थोडाफार दिसत होता, पण सिनेमातलं आणि खिडकीतलं ऊन एकमेकांत मिसळून गेलं. हा सिनेमा मात्र दक्षिणेच्या खिडकीच्या हॉलसाठीच काढलाय.

'ओनिबाबा' काल. मूक_वाचक, तुम्ही चार शब्दांत आटोपलंत, पण पाचवा शब्द 'सांभाळून' असा घालायला पाहिजे होता. मी अट काय घातली होती? पहिल्या अर्ध्या तासात आई चहा घेऊन आली आणि नेमकी तेव्हाच... असो. मी रिमोट शोधतोय, रिमोट लोडाखाली. आई म्हणाली, "असू दे, उकाडा असंल तिकडं," आणि बसली खाली.

मग तिनं शेवटपर्यंत बघितला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: लढाईचा काळ, माणसापेक्षा उंच गवताचं रान, त्यात एक बाई आणि तिची सून. वाट चुकलेल्या सैनिकांना मारायचं, चिलखत विकायचं, मढं खड्ड्यात ढकलायचं. घरातला कर्ता पोरगा लढाईत मेला. सून शेजारच्या गड्याकडं जायला लागते, तर ही बाई तिला घाबरवायला एक मुखवटा घालून गवतात उभी राहते. आणि मुखवटा तोंडाला चिकटतो. निघत नाही. माझ्या अटीत पूर्ण बसत नाही, मुखवट्याचे प्रसंग रात्रीचे आहेत, पण काळ्या-पांढऱ्यात ते गवत रात्रीही पांढरं चकाकत राहतं, त्यामुळे दुपारीही सगळं दिसलं. गवत हलतं ते तर सारखं हलतं. वारा शेंड्याला, खाली माणसं पळतायत, पात्यांचा तोच आवाज. मला डोळे मिटूनही कळलं असतं.

सबटायटल आईला वाचता येत नाहीत, मीच मध्ये मध्ये सांगत होतो. मुखवटा चिकटल्यावर मी म्हटलं, ती सासू आहे. आई म्हणाली, "ते कळलं मला. चिकटणारच की." सून हातोडा घेऊन मुखवटा फोडते तेव्हा मात्र ती बघत नव्हती, तिनं पदर तोंडाला लावला होता.

सिनेमा संपल्यावर शेंगा पुढ्यात ओढत म्हणाली, आमचा वरच्या मळ्याचा रस्ता असाच होता, दोन्हीकडनं ऊस. तुझ्या वडलांची भाकरी घेऊन रोज बाराला निघायची. मी लहान असताना कडेवर असायचो, नंतर मागून चालायचो, मला तो रस्ता चांगला आठवतो. वळणापासून विहिरीपर्यंत आई मोठमोठ्यानं 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत जायची, टाळी वाजवत, डोक्यावर बुट्टी तशीच न धरता. विहीर आली की गप्प. पुढचा रस्ता नुसती चालायची. मला पन्नाशीला येईपर्यंत वाटत होतं की आईची काय भक्ती होती.

विचारलं तर म्हणाली, "भक्ती कुठली. भ्या वाटायचं रं."

कशाचं, विचारलं. तर म्हणाली, शेंगा फोडू लाग जरा, बसलायस नुसता.

सोमवारपासून माझी पाळी बदलतेय, दुपारी बारा ते आठ. म्हणजे आता सिनेमे रात्री. कुडाळकर, तो 'हा खेळ सावल्यांचा' मात्र रविवारी दुपारीच लावणार आहे, आईनं सांगून ठेवलंय की मला हाक मार.